हातात शास्त्र, मंडळीशी झोंबी

गांधीबाग म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीचा कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला मध्य. एका अंगाला महाल, दुसऱ्या अंगाला इतवारी, आणि मधून सेंट्रल अव्हेन्यूची वर्दळ. इथे कोणाला ख्रिस्ती नागपूर कुठे आहे असे विचारले, तर तो पश्चिमेकडे बोट दाखवील आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. रेल्वेचे रूळ ओलांडले की सिव्हिल लाइन्सला हिस्लॉप कॉलेज आहे, भारतातल्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेची कचेरी आहे. पुढे सदरला १८५१ सालचे ऑल सेंट्स कॅथीड्रल आहे. रोमन कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अँग्लिकनांचा १९०३ च्या आसपासचा. ख्रिस्ती इतिहास लिहिणारेही बहुधा याच वाटेने जातात. इमारत कधी झाली, बिशप कोण आले, दवाखाना कोणी काढला, कोणत्या साली कोणते मिशन कोणत्या मिशनमध्ये मिळाले, असा तो इतिहास असतो. तो खोटा नाही. पण तो छावणीच्या बाजूचा आहे. ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप झाला ते पुस्तक मराठी माणसाच्या हाती पडल्यावर त्याने ते कसे वाचले, वाचताना तो कोणाशी भांडला आणि कोणापुढे वाकायला त्याने नकार दिला, याची नोंद त्या इतिहासात तळटीपेइतकीच येते. माझे म्हणणे असे की मराठी ख्रिस्ती माणसाची खरी आध्यात्मिक झुंज शास्त्राशी फारशी झाली नाही, ती मंडळीशी झाली. आणि ही झुंज विश्वासाच्या बाहेरची नसून त्याच्या गाभ्यातली होती. नागपूर हे त्या म्हणण्याची पारख करायला चांगले ठिकाण आहे, कारण या गोष्टीतली बरीच माणसे कधी ना कधी या शहरातून गेली आणि मंडळ्यांच्या एकीचा एक मोठा प्रयोगही इथेच झाला.

झुंज हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पवित्र शास्त्रात भक्ताची जी चित्रे आहेत त्यांत निमूटपणे मान डोलावणारा भक्त फारसा आढळत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब यब्बोकच्या उतारावर रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झोंबतो, मांडीचा सांधा निखळला तरी आशीर्वाद मिळेपर्यंत त्याला सोडत नाही, आणि सकाळी लंगडत पण नवे नाव घेऊन निघतो. ईयोब देवालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. आणि शेवटी ठपका येतो तो देवाची बाजू घेऊन पोपटपंची करणाऱ्या त्याच्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेत स्तुतीच्या जोडीला तक्रारीची स्तोत्रे दाटीने आहेत. गेथशेमाने बागेत तर स्वतः येशू प्याला टळावा म्हणून विनवतो. युरोपात ही झुंज पुष्कळदा एकट्या जिवाची मानली गेली. ऑगस्टीनची वासनेशी, ल्यूथरची स्वतःच्या अपराधी मनाशी. ल्यूथरचे भांडण पुढे पोपशी झाले, पण त्याचे मूळ मठातल्या त्या एकाकी भीतीत होते. मराठी वाचकाला मात्र देवाशी भांडण नवे नव्हते. तुकोबांनी विठ्ठलाला किती आणि काय सुनावले आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. म्हणून देवाशी वाद घालणारे पुस्तक हाती आले तेव्हा तो दचकला नाही. तो दचकला ते त्या पुस्तकाबरोबर आलेल्या नियमावलीपुढे, पगारपत्रकापुढे आणि परदेशी बोर्डापुढे.

पुस्तक मराठीत येण्याची हकिकत थोडक्यात सांगता येते. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले. ओव्या सुमारे अकरा हजार, लिपी रोमन, कारण देवनागरी खिळे नव्हते. त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हणायला मागेपुढे पाहिले नाही. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा मोडीत काढण्याचा हुकूम काढला. जे एका पाद्र्याने ओवीत बसवले ते राज्यकर्त्यांनी जिभेवरून पुसायला घेतले. मंडळी आणि शास्त्र यांच्यातली ओढाताण इथपासूनच दिसते. पुढे बंगालात सेरामपूरला विल्यम केरी आणि त्याचे मराठी पंडित कामाला लागले आणि १८११ पर्यंत नवा करार मोडी लिपीत छापून झाला. त्याच छापखान्यातून १८१६ साली नागपूरकर भोसल्यांची वंशावळीही मराठीत निघाली, म्हणजे नागपूर त्या मंडळींच्या नजरेत होते. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ साली आपला नवा करार काढला, १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. हे सगळे मंडळ्यांनी, त्यांच्या पैशाने आणि त्यांच्या छापखान्यांनी केले, हे विसरून चालणार नाही.

नागपुरात हे पुस्तक आणले स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश माणसाने. तो १८४५ च्या सुरुवातीला आला तेव्हा शहरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते, कामठीला इंग्रजांची छावणी होती आणि सीताबर्डीला रेसिडेन्सी. मिशनसाठी पैसा दिला होता नागपूरच्याच फौजेतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने. हिस्लॉपने जुन्या शहरातल्या मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे १८८३ मध्ये त्याच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. शाळेच्या निकालावर तो जगता तर त्याची कथा इतर मिशनऱ्यांसारखीच झाली असती. पण हा माणूस दगड फोडून जीवाश्म वेचायचा. रॉबर्ट हंटरबरोबर नागपूर परिसराच्या भूगर्भावर त्याने लिहिलेले निबंध शास्त्रज्ञ आजही मानतात, आणि हिस्लोपाइट या खनिजाला त्याचेच नाव आहे. या लेखाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. त्याने परधान भाटांच्या तोंडून गोंडांच्या लिंगोची गाथा ऐकून घेतली, गोंडी शब्द टिपले आणि त्यांचा अर्थ लावला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याचे गोंडांवरचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये नागपुरातून छापले. आपले शास्त्र शिकवायला आलेल्या माणसाने दुसऱ्याचे शास्त्र अक्षर न अक्षर लिहून घेतले. मिशनच्या अहवालात याला कोणता रकाना होता? बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत तर हिस्लॉपची गणती किरकोळच ठरते.

झुंजीचा सर्वांत स्पष्ट पुरावा पंडिता रमाबाईंचा आहे, आणि तो त्यांच्याच हस्ताक्षरातला आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लगेच प्रश्न सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात कुठे सांगितला आहे? अथानासियन मतांगीकार म्हणायचाच कशासाठी? गळ्यातल्या क्रुसावर अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत? सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत छापला गेला, आणि तो वाचताना जाणवते की बाईंच्या मनात शंका देवाबद्दल नाही, अधिकाराबद्दल आहे. हिंदू पुरोहितांचे जू नुकतेच मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे चढवायला मी इथे आलेले नाही, असे त्या आपल्या गुरुभगिनींना बजावतात. मठाला हा हट्ट वाटला, शिस्तीचा अभाव वाटला. हिंदुस्थानी शिष्येला इतके स्वातंत्र्य परवडत नाही असेही वाटले. पण याच बाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत कबूल केले की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला, ख्रिस्त मात्र बऱ्याच उशिरा. म्हणजे मठाशी भांडण हा त्यांच्या शोधाचा अडथळा नव्हता, त्याचा मार्गच होता. त्या शोधाचे शेवटचे काम भाषेचे झाले. प्रचलित मराठी शास्त्रातल्या संस्कृतप्रचुर शब्दांना दुसऱ्याच उपासनेचे आणि तत्त्वज्ञानाचे वास चिकटले आहेत, आणि आपल्या केडगावच्या मुक्तीसदनातल्या साध्या बायकांना ते कळत नाहीत, असे त्यांना वाटे. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खे शास्त्र एकटीने मराठीत उतरवले. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा काम संपत आले होते; मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी, ते १९२४ ला बाहेर पडले. कोणत्याही मंडळीच्या भाषांतरसमितीने ते सोपवलेले नव्हते.

नारायण वामन टिळकांची वाट याच्या अगदी उलट दिशेने जाते, तरी त्याच ठिकाणी पोचते. बाप्तिस्म्याच्या आधी टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि ते त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकून पडले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंना जे शब्द नको होते तेच टिळकांना हवे होते. अभंग, ओवी, कीर्तन, दरबार, संत, ही त्यांची सामग्री. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. एकाच पुस्तकाचे दोन थोर मराठी वाचक शब्दांच्या बाबतीत असे समोरासमोर उभे आहेत आणि मला वाटते दोघांचेही बरोबर आहे: रमाबाई वाचणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून जपत होत्या, टिळक गाणाऱ्याचा गळा घुसमटू नये म्हणून. तिसरे म्हणजे मिशनमान्य मराठी. त्यात फसगतही व्हायची आणि घुसमटही, हा माझा आपला शेरा. टिळकांनी बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली, ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला, आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांचे ते एकच कुटुंब व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ ला ते गेले आणि दरबार तिथेच विरला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे तर आणखी वेगळे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच-सहा वर्षांनी, वेगळे राहण्याचे, सोवळ्याओवळ्याचे आणि पोराच्या ओढीचे सगळे घाव सोसून त्या ख्रिस्ती झाल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ही वाट ज्या मिस्कीलपणे सांगितली आहे त्याला तोड नाही. त्यांची झुंज सिद्धांताची नव्हतीच; कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, याची होती. जात एका दिवसात गळून पडली असे त्या कुठेही म्हणत नाहीत. घोट घोट करून ती सुटली. धर्मांतराचे इतके प्रामाणिक वर्णन करणाऱ्या बाईला १९३३ साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाने अध्यक्ष केले, आणि ते संमेलन नागपुरात भरले होते. टिळकांनी अर्धवट टाकलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही मोठ्या माणसांची, मानी माणसांची भांडणे आहेत. प्रतिभावंतांचे कुठल्याच संस्थेशी पटत नाही, त्याला आध्यात्मिक झुंज म्हणणे हा शब्दांचा फुगारा. याला उत्तर म्हणून नागपूरच्याच धर्मप्रांतातले प्रकरण पाहावे. व्हेरियर एल्विन हा पाद्री ऑक्सफर्डहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. हा संघ काढणारा जॅक विन्स्लो टिळकांचा चरित्रकार. एल्विन गांधीजींकडे ओढला गेला, आणि १९३२ च्या जानेवारीत शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राबरोबर मंडला जिल्ह्यात करंजियाच्या गोंडांत जाऊन राहिला. तो भाग नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीतला. बिशप होते ॲलेक्स वुड. चांद्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये वर्षानुवर्षे राबलेले, कष्टाळू आणि सरळ गृहस्थ. धर्मांतराचे काम करणार नाही म्हणणाऱ्या आणि सरकारच्या नजरेत खुपणाऱ्या या पाद्र्याला त्यांनी परवाना दिला नाही. एल्विन तीन वर्षे त्या उंबऱ्यावर राहिला आणि १९३५ मध्ये चर्चमधून बाहेर पडला. इथे मानापमानाचा प्रश्न नाही. बिशपाला आपल्या पदाची शपथ पाळायची होती, एल्विनला आपल्या सदसद्‌विवेकाची. दोघेही एकच शुभवर्तमान वाचत होते. ज्याने गोंडांची गाथा लिहून घेतली त्या हिस्लॉपचे नाव कॉलेजला मिळाले; सत्तर वर्षांनी तेच काम करायला निघालेल्याला मंडळीत जागा उरली नाही. मधल्या काळात मंडळी बदलली होती. ती मिशनची संस्था झाली होती, आणि संस्थेला हिशेब लागतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई, आणि त्यांच्यासारखेच ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे, बाबा पदमनजी ही नावे वाचून कोणीही विचारील, मराठी ख्रिस्ती समाज ब्राह्मण, कासार आणि परदेशी पाद्री यांचा होता काय? तो बहुतांशी नगर, जालना, सोलापूरकडच्या महार-मांगांचा समाज आहे. १८७६ ते ७८ च्या आणि पुढे १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या आवारात आलेला. त्यांना मंडळी ही झोंबण्याची वस्तू नव्हती, ती भाकर होती, शाळा होती, आणि ‘दूर हो’ न म्हणणारा दवाखाना होता. हे खरेच आहे, आणि जेथे मंडळीने माणूस वाचवला तेथे तिचे ऋण मानले पाहिजे. पण त्यामुळे झुंज संपत नाही, ती फक्त कागदावर येत नाही. तिला शब्द दिले ते मंडळीबाहेरच्या वाचकाने. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलेल्या निबंधांत नेमके शास्त्रवाचनावर बोट ठेवले आहे. मूळ पापाची शिकवण माणसाला सांगते की तुझी दुर्दशा तुझ्याच पापाने झाली, आणि मग ज्या समाजाने त्याला तुडवले त्या समाजाशी लढण्याचे बळच तो गमावतो, असे त्यांचे म्हणणे. चर्चच्या बाकांवर आणि स्मशानात टिकून राहिलेली जातही त्यांनी दाखवली. ख्रिस्ताबद्दल त्यांना आदर होता, तो त्यांनी ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलूनही दाखवला. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, गांधीबागेपासून काही किलोमीटरांवर, आजच्या दीक्षाभूमीवर, त्यांनी लाखोंसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. तो दिवस नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासात लिहिला जात नाही, आणि माझ्या मते तो तिथेच लिहिला पाहिजे. निर्गमाचे पुस्तक, गुलामांना बाहेर काढणाऱ्या देवाचे पुस्तक, शंभराहून अधिक वर्षे या मंडळ्यांच्या हाती होते. ते वाचूनही त्यांनी दलित ख्रिस्ती माणसाला आज्ञाधारकपणाच जास्त शिकवला.

त्याच १९५६ सालात नागपुरात, म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष. सभासदांत एक ख्रिस्ती होते, वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज, गांधीजींच्या चळवळीपायी १९३२ मध्ये कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातली नोकरी सोडलेले. धर्मांतराचाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे ही समितीची शिफारस गाजली, मंडळ्यांनी तिला कडाडून विरोध केला, आणि समितीने पुरावा एका बाजूने वाचला ही त्यांची तक्रार बरीचशी रास्त होती. पण अहवालातली दुसरी एक सूचना चर्चेत मागे पडली. भारतीय मंडळ्यांनी परदेशी पैशावर न राहता आपले एकच स्वतंत्र चर्च उभारावे, असे समितीने सुचवले होते. खुद्द नियोगींनी काही महिन्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, हा इतिहासाचा आपला एक चिमटा.

आणि चौदा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, याच शहरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात उत्तर भारत मंडळीची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, स्थापना झाली. ती नियोगींच्या सांगण्यावरून झाली नाही. वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. अँग्लिकन चर्च, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मिळून झालेले संयुक्त चर्च, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशी सहा घराणी एका छपराखाली आली. सातवे, अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च, अगदी शेवटच्या घटकेला बाजूला झाले. माझ्या प्रतिपादनावर तिसरा आणि सर्वांत चांगला आक्षेप या घटनेतून निघतो. मंडळी स्वतःच शिकू शकते, स्वतःची फाटाफूट स्वतः शिवू शकते, तर मग तिच्याशी झोंबणाऱ्या एकांड्यांनाच का मोठे करायचे? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधली तीनशे वर्षांची भांडणे नागपूरच्या माणसाने वारसाहक्काने का वाहावीत, या प्रश्नाला १९७० ने कृतीने उत्तर दिले. बाप्तिस्म्याचा तिढा तर शहाणपणाने सोडवला. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि जाणत्या वयातलाच मानणारे, दोघांनाही एकाच मंडळीत जागा दिली. पाळकांच्या दीक्षेचा प्रश्न परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून सुटला. त्या विधीचा अर्थ मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने लावावा अशी मोकळीक ठेवावी लागली. देवाला जे द्यायचे असेल ते तो देईल, कोणाला किती कमी होते याचा हिशेब नको, असे ते धोरण. कोणी त्याला पळवाट म्हणाले. मला तो विनय वाटतो.

पण शिवलेल्या कापडात धागा कोणता होता ते पाहा. चाळीस वर्षांच्या वाटाघाटींत बिशप हवा की नको, दीक्षा कोणाची खरी, सिनॉडचे अधिकार किती, हे प्रश्न मुख्य होते. सगळेच बाहेरून आलेले. रमाबाईंचा प्रश्न, म्हणजे मतांगीकाराची भाषा आमची का नाही, त्यात नव्हता. टिळकांचा प्रश्न, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्ताचे काय, नव्हता. आंबेडकरांचा तर नव्हताच. आणि मिटवलेले प्रश्न इस्टेटीच्या रूपाने पुन्हा वर आले. मिशनांनी मागे ठेवलेल्या जमिनी, शाळा आणि बंगले कोणाचे, यावरून ठिकठिकाणी खटले सुरू झाले. २०१३ मध्ये गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणीकृत संस्था नुसत्या ठरावाने दुसरीत विलीन होत नाही. उपासनेत झालेली एकी निबंधकाच्या दप्तरात झालीच नव्हती! ज्यांना प्रेषितांची कृत्ये पाठ आहेत त्यांना हनन्या आणि सप्पीरा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पहिल्या मंडळीतही पहिली गडबड जमिनीच्या पैशावरूनच झाली होती.

मंडळीशी झोंबणे म्हणजे मंडळी सोडणे, असा अर्थ कोणी काढू नये. एल्विन गेला हे खरे, पण तो अपवाद. रमाबाईंनी मठाची शिस्त नाकारली आणि केडगावला हजारो बायकामुलांची स्वतःची शिस्तबद्ध वसाहत उभारली. तिथे १९०५ मध्ये जे आध्यात्मिक जागरण उसळले त्याकडे प्रस्थापित मिशने साशंकपणे पाहत राहिली. गोऱ्हेशास्त्री तर प्रॉटेस्टंट मिशनकडून अँग्लिकनांच्या मठवासी पंथाकडे सरकले आणि मरेपर्यंत शंकांनी पोळत राहिले, तरी पाळकपद त्यांनी टाकले नाही. याकोबाने त्या पुरुषाला सोडले नाही, हाच त्या कथेतला कळीचा भाग आहे. कॅथलिकांकडेही हेच दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते ६५ या काळात, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आणण्याची वाट मोकळी केली, आणि वाँटेजच्या क्रुसावरची लॅटिन अक्षरे जिला खटकली होती तिच्या म्हणण्याला ऐंशी वर्षांनी रोमने नकळत होकार दिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरू राहूनच वसई वाचवण्याच्या लढ्यात रस्त्यावर उतरले; त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

आंबेडकरांनी टाकलेला प्रश्न मात्र अजून कोर्टात आणि आयोगांत अडकला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीत धरले नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी म्हटले, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. ख्रिस्ती झाला की जात गेली, असे कायदा म्हणतो; गेली नाही, असे तो माणूस सांगतो. ती गेली नाही हे उघडपणे कबूल केल्याशिवाय मंडळीला त्याच्या बाजूने साक्ष देता येत नाही, आणि कबूल केले तर आपल्या व्यासपीठावरून दीडशे वर्षे सांगितलेल्या गोष्टीचा जबाब द्यावा लागतो. राष्ट्रीय परिषदेने गेल्या काही दशकांत तो जबाब द्यायला सुरुवात केली आहे, दलित ख्रिस्ती हक्कांची मागणी उचलून धरली आहे. सिव्हिल लाइन्सच्या त्या कचेरीपासून दीक्षाभूमी फार लांब नाही. मराठी मंडळ्यांत मात्र रविवारी ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडले जाते आणि टिळकांची गीते म्हटली जातात. मिशनच्या पगारपत्रकावरून ज्यांचे नाव १९१७ मध्ये उतरले त्यांचीच ही गीते. ती पाठ असलेल्या बहुतेक गळ्यांची आडनावे दुष्काळात मिशनच्या आवारात आलेल्या घराण्यांची आहेत.